जुलैतलं महाबळेश्वर

सीताराम गावंडे यांना साप, विंचू, डेपो मॅनेजर आणि बायकोच्या माहेरची माणसं यांपैकी कशाचीच भीती वाटत नसे. भीती वाटे ती फक्त उंचीची. त्यासाठी डोंगरकडाच हवा असंही नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी त्यांच्या पोटात गोळा येई. आणि असा हा माणूस उभी हयात एसटी चालवून, अपघात न केल्याचा बिल्ला छातीवर लावून निवृत्त झाला होता.

हे जमलं ते दर्यापूरमुळे. दर्यापूरच्या आसपासचा मुलूख नीट लाटलेल्या पोळीसारखा सपाट आहे. काळी माती, कपाशी, मधूनच एखादा पूल, आणि चढ असला तर तेवढा त्या पुलाचाच. अडचण यायची ती एकच. वर्षाकाठी केव्हा तरी चिखलदऱ्याची जादा गाडी निघायची आणि तिच्यावर नेमकं यांचं नाव लागायचं. मग सीतारामराव वैजनाथ नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला चहाला नेत, घाटाची ड्यूटी त्याच्या गळ्यात घालत आणि बदल्यात त्याची ऐन दिवाळीतली ड्यूटी स्वतःच्या अंगावर घेत. डेपोभर त्यांचं नाव झालं, काय भला माणूस आहे, दुसऱ्याच्या लेकराबाळांसाठी आपली दिवाळी सोडतो. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच नाही.

निवृत्तीनंतर लेकीनं, उत्कर्षानं, दोघांना पुण्यात आणलं. ती हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथल्याच शुभंकरशी तिचं लग्न झालं होतं. शुभंकर पक्का पुण्याचा, आणि त्याची आई कल्याणीताई तर पुण्याची काय, पुणंच होती. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. समोरच्याचं कुठे चुकलं हे त्यांना त्याचं बोलणं संपायच्या आधीच कळायचं. आईवडिलांसाठी उत्कर्षानं विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला, तो नेमका तिसऱ्या मजल्यावर. सीतारामराव कपडे वाळत घालायला मदत करत, पण गॅलरीच्या दारात उभे राहून. पिळलेला कपडा आतून द्यायचा, बाहेर नंदाबाईंनी तो दोरीवर टाकायचा. गॅलरीत गेलं की आपल्याला सर्दी होते, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मे महिन्यातसुद्धा होते म्हणे.

आता या नंदाबाईंची एक जुनी इच्छा होती. त्यांचं लग्न झालं त्याच साली त्यांची मामेबहीण नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला जाऊन आली होती आणि तिनं एक फोटो पाठवला होता. ती कठड्याला टेकून उभी, पदर वाऱ्यावर आणि मागे ही खोल दरी. नंदाबाई म्हणाल्या, आपणही जाऊ. नवे नवरदेव हो म्हणाले. तिथून पुढे त्यांनी हा विषय जो टोलवायला सुरुवात केली तो टोलवतच राहिले. कधी रजा मिळाली नाही, कधी एसटीचा संप आला, कधी लेकीची परीक्षा. नंदाबाईंनी कधी भांडण केलं नाही. फोटो मात्र पुण्याला येतानाही बरोबर आणला.

आता रजेचं कारण उरलं नव्हतं. उत्कर्षानंच एके दिवशी ठरवून टाकलं. "दिवाळीनंतर महाबळेश्वर. आई, तेव्हा आकाश स्वच्छ असतं, लांबलांबचं दिसतं." लांबलांबचं दिसतं हे ऐकून सीतारामरावांचं जेवणातलं लक्ष उडालं.

सुटका केली ती सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या एका वाईच्या गृहस्थानं. तो सहज म्हणाला, "जायचं तर थंडीत जा. पावसाळ्यात काय आहे तिथे? नुसतं धुकं. जुलैत तर आपला हात आपल्याला दिसत नाही."

"खरंच काही दिसत नाही?" सीतारामरावांनी विचारलं.

"शपथेवर सांगतो. दरी कुठे अन् रस्ता कुठे, पत्ता लागत नाही."

हे त्यांनी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि जवळजवळ पळतच घरी आले. नंदाबाई लसूण सोलत होत्या.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत कायले थांबाचं? जुलैतच जाऊ. पावसाळ्यात सृष्टी कशी हिरवीगार असते."

सृष्टी हा शब्द त्यांच्या तोंडून नंदाबाईंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "जुलै तर जुलै." आणि पुन्हा लसणाला लागल्या.

कल्याणीताईंना कळवलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "जुलैत महाबळेश्वर? उत्तम. म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार नाही." आणि यायला तयार झाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी नंदाबाई शेजारच्या सुशीलाबाईंकडे गेल्या आणि एक दुर्बीण घेऊन आल्या. सुशीलाबाईंचे यजमान फौजेत होते. दुर्बीण चांगली जड होती, चामड्याच्या डब्यातली. "एवढ्या लांब जाऊन राहिलो," त्या म्हणाल्या, "तर नीट पाहून घेऊ." सीतारामरावांच्या मनात काही तरी टोचलं, पण त्यांनी ते पावसाळी हवेवर ढकललं.

शनिवारी शुभंकरच्या नव्या सँट्रोतून मंडळी निघाली. सीतारामरावांना अर्थातच पुढची जागा मिळाली. एसटीचा ड्रायव्हर गाडीत असताना त्याला मागे कोण बसवणार? शुभंकरचा हात सपाट रस्त्यावर चांगला होता, पण घाट म्हटला की तो जरा कचरायचा. "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी हो म्हटलं," तो म्हणाला. "घाटात मला गाइड करा."

"करतो ना," सीतारामराव म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

खंबाटकीच्या घाटात ढग खाली आले नव्हते. सीतारामरावांनी डोळे मिटून घेतले.

"झोपलात का आपण?" मागून कल्याणीताईंनी विचारलं.

"नाही, इंजिनाचा आवाज ऐकून राहिलो. आवाजावरून सगळं समजते." आणि डोळे न उघडताच ते म्हणाले, "शुभंकर, गाडी रडून राहिली. खालचा गिअर टाक."

शुभंकरनं टाकला. गाडी शहाण्यासारखी चढू लागली. कल्याणीताई काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं हे प्रशस्तिपत्रकच होतं. वाई सोडली, पसरणीचा घाट लागला, आणि पहिल्या दोन वळणांनंतर वाईच्या गृहस्थाचा शब्द खरा ठरला. धुकं आलं. आधी विरळ, मग दाट, मग गाडीच्या नाकापुढे पांढऱ्याशिवाय काही राहिलं नाही. शुभंकर घामाघूम झाला. सीतारामरावांनी मात्र डोळे उघडले, सीटवर ऐसपैस बसले आणि शीळ घालायला लागले.

महाबळेश्वरात दुकानं निम्मी बंद होती. हॉटेलच्या भिंतींना पावसापासून जपायला गवताच्या ताट्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे इमारत पांघरूण घेऊन बसल्यासारखी दिसत होती. आत पापड, काडेपेटी, उशी, सगळं सर्द. "टॉवेल कोरडे आहेत का विचारलं," कल्याणीताईंनी खोलीतून येऊन सांगितलं, "तर म्हणाले, स्वच्छ आहेत."

या धुक्यात इथून पुढे गाडी चालवायला शुभंकरनं साफ नकार दिला. "झिरो व्हिजिबिलिटी आहे, आय ॲम नॉट कम्फर्टेबल." मग बाजारातून पॉईंट दाखवणारी एक जीप ठरवली. तिचे चालक बापूराव. कानटोपी, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि जन्मभर तेच तेच डोंगर दाखवून आलेला एक गाढ आत्मविश्वास. ऋतू कुठलाही असो, बापूरावांच्या माहितीत फरक पडत नसे.

पहिल्या पॉईंटवर सगळे उतरले. पुढे कठडा आणि कठड्यापलीकडे पांढरा शून्य. बापूरावांनी हात लांब केला.

"हितनं बगा, समोर धोम धरणाचं पानी. डाव्या अंगाला पाचगनीचं पठार. आन् ह्यो खाली किष्णेचा काठ."

पाचही जणांनी पांढऱ्यात पाहिलं.

"काहीच दिसत नाही," उत्कर्षा म्हणाली.

"दिसत न्हाय," बापूराव शांतपणे म्हणाले, "पर हाय तिथंच."

"अशा पांढऱ्या भिंती आमच्या घरी चार आहेत," कल्याणीताई म्हणाल्या. "आणि तिथे वरून गळत नाही."

सीतारामरावांना मात्र असा आनंद झाला होता की तो लपवता येईना. ते थेट कठड्यापाशी गेले. दोन्ही हात टेकून ओणवे झाले. काही म्हणता काही वाटलं नाही. ना पोटात गोळा, ना पायात कापरं. मग त्यांनी चक्क कठड्यावर बैठक मारली, पाठ दरीकडे करून, आणि भाजलेलं कणीस मागवलं. "या ना विहीणबाई, इथं बसा, हवा छान आहे."

कल्याणीताई जागच्या हलल्या नाहीत. "आपल्याला भीती नाही वाटत?"

"भीती कसली त्यात?" कणसाचा घास घेत सीतारामराव म्हणाले. "आमचा सगळा जन्म रस्त्यावर गेला."

"धन्य आहे," कल्याणीताई म्हणाल्या, आणि यात टोमणा नव्हता. विहिणीकडून मिळालेला हा पहिलाच बिनटोमण्याचा शब्द. सीतारामरावांची छाती रेनकोटात मावेना. पुढच्या पॉईंटवर ते सगळ्यांच्या पुढे, त्याच्या पुढच्यावर तर बापूरावांच्याही पुढे. शुभंकर डिजिटल कॅमेऱ्यावर त्यांचे फोटो काढत होता. सगळ्या फोटोंत पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटे सासरेबुवा, पासपोर्टसाठी काढल्यासारखे.

त्या सगळ्या गडबडीत नंदाबाई फारशा बोलल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी त्या बापूरावांना विचारून घेत, नेमकं कुठे काय आहे, आणि मग डब्यातून दुर्बीण काढून तिकडे रोखत. तिसऱ्या पॉईंटवर सीतारामरावांनी थट्टेनं विचारलं, "काय दिसून राहिलं मग?"

नंदाबाईंनी दुर्बीण खाली घेतली. काचा पदरानं पुसल्या. "यातून पांढरं जवळून दिसते," त्या म्हणाल्या. हसल्यासुद्धा. पण पुन्हा डोळ्याला लावून बघत राहिल्या, जराही घाई न करता.

सीतारामरावांचं कणीस तिथेच बेचव झालं. इतका वेळ त्यांनी एक गोष्ट मनात येऊच दिली नव्हती. या बाईनं जन्मभर वाट पाहिली ती पांढरं बघायला नाही. आणि आपण तिला मुद्दाम, हिशेबानं, काहीही दिसू नये अशाच दिवसांत इथे आणलं. आपल्याला कठड्यावर बसून शूर होता यावं म्हणून. रात्री सर्द उशीवर त्यांना झोप लागली, पण चांगली लागली नाही.

रविवारी सकाळी बापूरावांनी शेवटचा पॉईंट काढला, आर्थर सीट. इथे वारा असा होता की पाऊस वरून पडायचा सोडून दरीतून वर येत होता. कल्याणीताईंची छत्री दोनदा उलटी झाली. "इथे छत्री खाली धरायची असते का?" असं त्यांनी बापूरावांना विचारलं. बापूराव म्हणाले, "हितं छत्री धरतच न्हाईत." मग त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण मागून घेतलं आणि दरीत भिरकावलं. क्षणभरानं ते झाकण गिरक्या घेत वर आलं आणि शुभंकरच्या पायाशी पडलं.

"खालचं वारं वर फेकतंय," बापूराव म्हणाले. "सरळ कडा हाय ना. थेट कोकनात."

सरळ कडा हे शब्द सीतारामरावांनी ऐकले, पण समोर कालच्यासारखंच पांढरं होतं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतले नाहीत. उत्कर्षा, शुभंकर आणि कल्याणीताई टपरीच्या ताडपत्रीखाली चहाला थांबले. सीतारामराव नंदाबाईंना घेऊन पायऱ्या उतरून पार टोकाच्या कठड्याशी गेले. दगड शेवाळलेले होते. नंदाबाईंनी एका हातानं त्यांचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातानं दुर्बीण.

आणि धुकं उठलं.

कुणी तरी पडदा बाजूला करावा तसं ते एका बाजूनं सरकलं. आधी पलीकडचा डोंगर दिसला, हिरवाकच्च. सीतारामरावांना तो आवडलाही. मग त्या डोंगराच्या अंगावरून त्यांची नजर खाली उतरली. आणि उतरतच राहिली. थांबायला तिला काही मिळालंच नाही. ज्या कठड्यावर ते रेलले होते त्याच्या खाली काही म्हणजे काही नव्हतं.

त्यांचे तळवे कठड्याला चिकटले, कानात वारा की रक्त ते कळेना. डोळे गच्च मिटले तरी दरी आत शिरलेलीच होती. मागे फिरायचं, टपरीपर्यंत जायचं, जमलं तर थेट दर्यापूरपर्यंत, एवढंच डोक्यात होतं. पाय उचलणार, तेवढ्यात दंडावरचा हात त्यांना जाणवला. आपण मागे फिरलो तर ही पण येणार. काही न बोलता येणार, जशी आजवर येत गेली. आणि धुकं काय, आत्ता उठलं आहे, आत्ता बसेल.

सीतारामराव हलले नाहीत.

"डोळे मिटूनच ठेवा," नंदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी हावो ना."

"तुले माहीत हाय?" मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं.

"वैजनाथभाऊनं ओळखलं होतं. त्याच्या बायकोनं, रतननं, मले सांगतलं. उत्कर्षा पोटात होती तवा."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमीच नाही बोलले. मी कायले बोलू?"

दरीतून वर आलेला पाऊस दोघांच्या तोंडावर बसत होता. सीतारामरावांना एकदम सगळ्या दिवाळ्या आठवल्या, ज्या त्यांनी दुसऱ्याच्या ड्यूटीत घालवल्या होत्या आणि हिनं का म्हणून विचारलं नव्हतं.

"अन् जुलै?" त्यांनी विचारलं.

"जुलै म्हटलं तवाच समजलं." नंदाबाईंच्या बोलण्यात हसू होतं. "म्हटलं, भेत भेत का होईना, माह्यासाठी डोंगर चढून राहिला हा माणूस. धुक्यात तर धुक्यात."

सीतारामरावांचे डोळे मिटलेले होते हे बरं झालं. बायकोसमोर त्यांनी ते कधी पुसले नव्हते. नंदा, माझं चुकलं, असं त्यांना म्हणायचं होतं. म्हणाले ते वेगळंच.

"पाहून घे लवकर. दुर्बीण लाव. अन् मले सांग काय दिसून राहिलं ते."

नंदाबाईंनी दंड सोडला नाही. एका हातानं दुर्बीण लावली. "समोर डोंगर हाय. त्याच्या अंगावर पाणी पडून राहिलं, लुगड्याचे धागे सुटावे तसं. एक, दोन, लय जागी. एक पाणी तर खाली पोचतच नाही, वारा मधातच उडवून देते." त्या थांबल्या. "अन् खाली..."

"खालचं नको सांगू."

"बरं. नाही सांगत."

वारा होता तसाच होता.

"सांग," सीतारामराव म्हणाले. "थोडंसं सांग."

"खाली नदी हाय. गढूळ. तिच्या बाजूनं भाताचे तुकडे. अन् चार घरं हायेत, कवलाची. एका घरातून धूर निघून राहिला. कोणाची तरी चूल पेटली."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांच्या डोक्यातल्या दऱ्यांना तळ नसे. तिथे कुणाची तरी भाकरी भाजली जात असेल असं कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी एक डोळा किंचित उघडला. धूर दिसला. खरोखरच चुलीचाच. डोळा ताबडतोब मिटला, पण धूर पाहिला तो पाहिलाच.

"सीतारामराव," दुसऱ्या बाजूनं आवाज आला. कल्याणीताई चहाचा कप सांभाळत पायऱ्या उतरून आल्या होत्या आणि यांच्याकडे निरखून पाहत होत्या. "एवढा देखावा समोर उघडला आहे, आणि आपण डोळे मिटून उभे आहात."

उत्तर जिभेवर तयार होतं. डोळ्यांत पाणी गेलं, असं म्हणता आलं असतं. ध्यान करतो, असंही. जन्मभर अशी उत्तरं त्यांना हवी तेव्हा मिळत आली होती. बाजूला नंदाबाई उभ्या होत्या. नवरा जे सांगेल त्याला त्या मान डोलावणार होत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

"मला उंचीची भीती वाटते, ताई," ते म्हणाले. "लहानपणापासून. मी कधी घाटात गाडी चालवली नाही."

कल्याणीताईंनी चहाचा घोट घेतला. "मग काल कठड्यावर बसून कणीस खात होतात ते?"

"काल दिसत नव्हतं."

आता काय ऐकावं लागणार याची सीतारामरावांनी मनाची तयारी केली. कल्याणीताईंनी बराच विचार केला.

"मला पालीची वाटते," त्या म्हणाल्या. "आल्यापासून हॉटेलच्या बाथरूममध्ये मी दिवा लावलेला नाही. दिसली नाही म्हणजे नाही."

"दिसत न्हाय," मागून बापूराव म्हणाले, "पर हाय तिथंच."

"तुम्ही गप्प बसा," कल्याणीताई म्हणाल्या.

नंदाबाई हसायला लागल्या आणि त्यांना आवरेना. मग कल्याणीताई हसल्या, आणि सीतारामराव डोळे मिटूनच, कठडा न सोडता, अंग गदगदून हसले. हसताना पायांतलं कापरं थोडं कमी होतं असा त्यांना शोध लागला. धावत आलेल्या उत्कर्षानं आईवडिलांना आपल्याकडे वळवून फोटो काढला. पाठीमागे दरी, आईचा पदर वाऱ्यावर, हातात दुर्बीण आणि शेजारी मिटल्या डोळ्यांनी हसणारे बाबा. क्लिक झालं आणि थोड्याच वेळात पुन्हा सगळं पांढरं झालं.

परतताना सीतारामराव आपण होऊन मागे बसले, नंदाबाईंशेजारी. पुढची जागा कल्याणीताईंनी घेतली.

"बाबा, मला घाटात कोण गाइड करणार?" शुभंकरनं विचारलं.

"घाटातलं मला काही कळत नाही," सीतारामराव म्हणाले. "इंजिनाचं कळतं. गाडी रडली की सांगीन."

पसरणीच्या घाटात ऊन पडलं होतं. सीतारामरावांनी डोळे मिटले आणि कोपरानं बायकोला ढोसलं. नंदाबाई सांगू लागल्या. वाई दिसते आहे, नदी दिसते आहे, एक माणूस म्हशी घेऊन चालला आहे आणि म्हशी त्याचं ऐकत नाहीत. मध्येच सीतारामराव म्हणाले, "शुभंकर, ब्रेकचा वास येऊन राहिला. गिअरवर उतरव." शुभंकरनं ऐकलं. कल्याणीताई पुढून म्हणाल्या, "डोळे मिटून एवढं, उघडल्यावर काय कराल?" हा मात्र टोमणा होता. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

विश्रांतवाडीत सोमवारी सकाळी चांगली उघडीप होती. दोन दिवसांचे दमट कपडे धुऊन नंदाबाई गॅलरीत वाळत घालत होत्या. सीतारामराव नेहमीच्या जागी, दारात, पिळलेला कपडा हातात घेऊन उभे.

"तेवढी दुर्बीण पुसून ठेवली टेबलावर," नंदाबाई म्हणाल्या. "सुशीलाबाईले देऊन येजा."

"राहू दे एवढ्यात," सीतारामराव म्हणाले. "विचारून ठेव तिले. दिवाळीनंतर लागन आपल्याले."

नंदाबाईंचा हात दोरीवर थांबला. "दिवाळीनंतर तिथं धुकं नसते म्हणतात."

"माहीत हाय मले," ते म्हणाले. मग त्यांनी एका हातानं दाराची चौकट घट्ट धरली, डोळे मिटले आणि टॉवेल पुढे करत एक पाय गॅलरीत टाकला.